ओल्या जागेसाठी प्रिम्युला फ्लोरिंडी

ब्रिटनमध्ये, विशेषतः स्कॉटलंडच्या थंड व पावसाळी भागात, ज्यांच्या बागेचा एखादा कोपरा उन्हाळ्यातही चिखलाचाच राहतो, त्यांनी तेथे निचऱ्याची खटपट करण्याआधी प्रिम्युला फ्लोरिंडी लावून पाहावी. ब्रिटिश वनस्पती-संशोधक फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांना ही बहुवर्षायू वनस्पती १९२४ मध्ये आग्नेय तिबेटात त्सांगपो (ब्रह्मपुत्रेचा तिबेटातील प्रवाह) नदीच्या परिसरात आढळली आणि त्यांनी तिला आपल्या पत्नीचे, फ्लोरिंडा यांचे, नाव दिले. तिची पाने रुंद व हृदयाकृती असतात. साधारण जुलै-ऑगस्टमध्ये मीटरभर उंच दांड्यावर गंधकासारख्या पिवळ्या, सुवासिक फुलांचे झुबके खाली झुकलेले दिसतात.

वाफसा आल्याशिवाय जमिनीला हात लावायचा नाही, हा आपल्याकडचा नियम येथे बाजूला ठेवावा. परसात न्हाणीचे पाणी जाते तेथे जसे अळू फोफावते, तशी जागा हिला मानवते. मात्र माती थंड हवी. म्हणूनच महाराष्ट्राच्या सपाटीवर, कितीही पाणी घातले तरी, हिचा नाद न केलेला बरा. ओल कायम असेल तर ऊन चालते, एरवी दुपारची सावली आवश्यक आहे.

नैसर्गिक पाणथळ नसेल तर सुमारे ५० सेंटिमीटर खोल खड्डा खणून त्यात तळ्यासाठी वापरतात तो जाड रबरी कागद अंथरावा, पाणी सडू नये म्हणून त्याला मीटरभर अंतराने भोके पाडावीत, तळाशी खडी घालावी आणि वर पालापाचोळ्याचे भरपूर खत मिसळलेली माती भरावी. कोरड्या आठवड्यांत शक्यतो साठवलेले पावसाचे पाणीच द्यावे. दोन रोपांत ६० सेंटिमीटर अंतर ठेवावे. सुरुवातीला ते फार वाटते, पण पाने पसरल्यावर कमीच पडते.

बी ताजे असतानाच शरद ऋतूत ओल्या मातीवर भुरभुरावे व झाकू नये, कारण रुजण्यासाठी त्याला उजेड लागतो. कुंडी हिवाळाभर बाहेरच्या थंडीत राहू द्यावी. जुने ठोंब वसंताच्या सुरुवातीला फोडून लावता येतात.

हिवाळ्यात पाने पूर्ण नाहीशी होतात आणि नवा कोंब इतर प्रिम्युलांपेक्षा उशिरा वर येतो. रोप मेले असे समजून कुदळ चालवली जाऊ नये, यासाठी प्रत्येक ठोंबाशेजारी एक काठी रोवून ठेवावी.