दुकानात धान्याचं खोकं ठेवण्याआधी एक फोन करा

दिवाळीच्या तोंडावर दुकानात किंवा ऑफिसात गरजूंसाठी धान्य गोळा करणार असाल, तर खोकं शोधण्याआधी ज्या अन्नपेढीला, म्हणजे गोळा झालेलं धान्य गरजूंना वाटणाऱ्या संस्थेला, देणार तिला फोन लावा. आम्ही लावला नव्हता. निम्मं खोकं बिस्किटांनी भरलं, आणि तेलाची पिशवी फुटून खालचे पोहे चिकट्ट!

दोनच गोष्टी विचारायच्या: सध्या काय कमी पडतंय, आणि माल न्यायला गाडी कोणाची? मग पाटीवर तेवढंच लिहा, 'तूरडाळ, १ किलो, सीलबंद'. 'काहीही चालेल' लिहिलं की लोक फडताळ साफ करून आणतात. सुटं धान्य घेऊ नका. रवा-मैद्याला तर लगेच जाळी धरते. पाकिटावरची तारीख गल्ल्यावरच बघून घ्या, दोन-तीन महिने तरी शिल्लक हवेत. तेलाला वेगळी बादली.

कँटीनमधलं उरलेलं जेवण या खोक्याच्या भानगडीत आणू नका. मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ साली रोटी बँक काढली ती शिजवलेल्या अन्नासाठी, तिथे सगळा खेळ तासांचा. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१९चे नियमही आहेत.

खोक्याशेजारी संस्थेचा क्यूआर कोड लावा. ती घाऊक भावात घेते, तुमच्याच पैशांत जास्त डाळ येते. शिवाय वस्तूंच्या दानावर आयकरात सवलत नसते, आणि २००० रुपयांवरच्या रोख देणगीवरही नाही. म्हणून मोठी रक्कम यूपीआयने किंवा चेकने द्या आणि पावती मागून घ्या.