अपडेटनंतर सिंक बिघडलं? अभिप्राय असा लिहा की दुरुस्ती होईल

"नवीन अपडेटनंतर सिंक चालत नाही" एवढंच लिहून पाठवलं तर प्रोग्रॅमर बिचारा काय शोधणार? बडोद्याला रावपुऱ्यातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात पत्रिकेची फाइल लिनक्सवर जुळते, डिझाइनरच्या मॅकवर जाते, प्रूफ होऊन परत येते. दोन्हीकडची फाइल आपोआप सारखी ठेवणं म्हणजे सिंक; नेक्स्टक्लाउड आणि सिंकथिंग ही त्याची सॉफ्टवेअरं. फाइलींची नावं देवनागरी आणि गुजराती लिपीत. अशी नावं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या चाचण्यांत असतीलच असं नाही, म्हणून आपला अभिप्राय नेमका असायला हवा.

आधी माहिती टिपून घ्या. जुनी आवृत्ती कोणती, नवी कोणती, लिनक्सचा प्रकार (डिस्ट्रो) उबुंटू की फेडोरा, डेस्कटॉप ग्नोम की केडीई, पडद्यावर खिडक्या दाखवणारी व्यवस्था वेलँड की एक्स-११. सॉफ्टवेअर कुठून घेतलं हेही लिहा. फ्लॅटपॅक या बंदिस्त स्वरूपात घेतलेल्या सॉफ्टवेअरला परवानगी दिलेलीच फोल्डरं दिसतात, त्यामुळे डिस्ट्रोच्या पॅकेजमध्ये नसलेली अडचण तिथे येऊ शकते. वरच्या पट्टीतलं चिन्ह गायब झालं म्हणून सिंक बंद पडलं असं धरू नका. ग्नोमने ३.२६ पासून, म्हणजे २०१७ मध्ये, अशी चिन्हं दाखवणारी जुनी ट्रे काढून टाकली. चिन्ह दिसायला वेगळं जोडायचं एक्स्टेन्शन लागतं. सिंकथिंगच्या २.० आवृत्तीत फाइलींची नोंद ठेवणारा डेटाबेस लेव्हलडीबी या प्रकारावरून एसक्यूलाइट या प्रकारावर गेला. फोल्डर मोठं असेल तर अपडेटनंतर पहिल्यांदा सुरू होताना हा बदल बराच वेळ घेतो. तेवढं थांबा, मधेच बंद करू नका.

मग रिकामं चाचणी-फोल्डर करा. गिऱ्हाइकाच्या कामावर प्रयोग नको. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, इथे पुसलेलं तिकडेही पुसलं जातं. खऱ्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा आणि चाचणीत दोन-चार फाइलींत तीच अडचण पुन्हा येते का पाहा.

आता देवनागरी नावं. लिनक्सच्या एक्स्ट-४ या फाइलव्यवस्थेत (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीत) फाइलच्या नावाला २५५ बाइटांची (बाइट हे साठवणुकीचं माप) मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. नुसत्या 'ज्येष्ठ'चीच सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट. तेव्हा आपल्या वाट्याला जेमतेम ८५ चिन्हं येतात. 'चि. सौ. कां.'पासून स्थळ-मुहूर्तापर्यंत सगळं फाइलीच्या नावात घालणारे आमच्याकडे आहेतच! त्यात दोघांनी एकदम बदल केला की नेक्स्टक्लाउड नावापुढे 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' आणि तारीख-वेळ जोडतं, ते पस्तीसेक बाइट आणखी. नाव काठावर असेल तर इथेच अडतं.

दुसरी गंमत 'दुसऱ्या'मधल्या ऱ्याची. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या क्रमांकयादीत, ऱ हे एकच चिन्ह म्हणूनही लिहिता येतं, र आणि खाली नुक्ता (टिंब) असंही. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइलव्यवस्था नावांतली अशी चिन्हं सुटी करून ठेवायची. शिवाय काही कळफलक र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकून तोच आकार उमटवतात. डोळ्यांना नाव एकच, लिनक्सला दोन वेगळी. जुळी फाइल दिसली की आधी दोघं कोणता कळफलक वापरतात ते विचारा. कळफलकच वेगळे निघाले तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. तसं नसेल तर मात्र ही तक्रार सोन्यासारखी. नाव टेक्स्ट म्हणूनच पाठवा, स्क्रीनशॉटमधून आतली चिन्हं कळत नाहीत.

लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरने स्वतः ठेवलेली कामाची नोंद, सोबत द्या. नेक्स्टक्लाउडच्या जनरल सेटिंग्जमध्ये डीबग आर्काइव्ह (लॉगची एकत्र फाइल) बनवायचं बटण आहे. सिंकथिंगचे लॉग ब्राउझरमधल्या त्याच्या पानावर मिळतात. पाठवण्याआधी उघडून वाचाच. त्यात फाइलींची नावं येतात, म्हणजे वधूवरांचीही, आणि सर्व्हरचा पत्ताही. ती बदलून टाका.

लिहिण्यापूर्वी सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन तक्रार-नोंदविभागात तीच तक्रार कुणी आधी नोंदवली आहे का शोधा. असेल तर तिथेच आपली माहिती जोडा, नुसतं "मलाही" नको. नेक्स्टक्लाउडच्या डेस्कटॉप क्लायंटचा (आपल्या संगणकावर बसवलेल्या सॉफ्टवेअरचा) नोंदविभाग सर्व्हरपेक्षा वेगळा आहे, तोच निवडा. मजकूर साध्या इंग्रजीत चालतो, पण बेत असा असावा:

रिकाम्या फोल्डरात 'दुसऱ्या प्रुफाची पत्रिका' ही फाइल ठेवली. मॅकवर उघडून सेव्ह केली. अपेक्षा: एकच फाइल राहील. झालं असं: लिनक्सवर त्याच नावाच्या दोन दिसल्या. दरवेळी होतं. आधीच्या आवृत्तीत होत नव्हतं.

एका नोंदीत एकच अडचण. चिन्ह गायब आणि जुळ्या फाइली यांची खिचडी केली तर दोन्ही मागे पडतात. एखादी गोष्ट सुधारली असेल तर तीही कळवा, पण वेगळी.

नोंद टाकून गप्प बसू नका, प्रश्न येतात. "ही चाचणी-आवृत्ती वापरून पाहाल का?" असं विचारलं तर त्याच चाचणी-फोल्डरात वापरून पाहा आणि उत्तरात तिचा क्रमांक लिहा.