एक्झिक्युटिव्ह कोच होताय? या चुका टाळा

एक्झिक्युटिव्ह कोचिंग म्हणजे कंपनीतल्या अधिकाऱ्याला (त्याला क्लायंट म्हणतात) तयार उत्तरं न देता, प्रश्न विचारून स्वतः विचार करायला आणि बदलायला मदत करणं. ते शिकायला येणारे बहुतेक जण कोरी पाटी घेऊन येत नाहीत. कुणी एचआरमध्ये हयात घालवलेली असते, कुणी मोठा विभाग चालवलेला असतो, कुणी सल्लागार म्हणून नाव कमावलेलं असतं. आजवर लोक त्यांच्याकडे उत्तरं मागायला आले आणि उत्तरं घेऊन समाधानाने परतले. कोचिंगमध्ये नेमकी हीच सवय नडते. खालच्या अडचणी वरवर तंत्राच्या वाटतात, पण जरा खणलं की बहुतेकींच्या तळाशी ‘मी उपयोगी दिसलो पाहिजे’ ही कोचची स्वतःचीच गरज सापडते. काहींचं मूळ मात्र पहिल्या सेशनच्याही आधी असतं. सुरुवात तिथूनच करू.

करार अर्धवट ठेवणं

तिसऱ्या महिन्यात एचआर प्रमुखांचा फोन येतो. “कसं चाललंय? आपल्यातच राहील, पण खरं सांगा, या माणसाला पुढचं पद द्यावं का?” बोललात तर क्लायंटचा विश्वास गेला. गप्प बसलात तर पैसे देणारा नाराज.

फोन आल्यावर याचं चांगलं उत्तर सापडत नाही, कारण ते काम सुरू होण्याआधीच ठरायला हवं होतं. एक्झिक्युटिव्ह कोचिंगमध्ये पैसे कंपनी देते, अपेक्षा वरिष्ठांच्या असतात आणि बदलायचं असतं तिसऱ्यानेच, म्हणजे क्लायंटने. म्हणून करार तिघांमध्ये होतो, तोही लेखी. त्यात काय काय कळवलं जाईल ते स्पष्ट हवं: किती सेशन झाली आणि ठरलेली ध्येयं कोणती, एवढंच. खोलीत काय बोलणं झालं ते सांगायचं असेल तर क्लायंट स्वतः सांगेल. बढती, बदली, पगार यांबाबत कोच मत देणार नाही, हेही लिहा. गुप्ततेच्या मर्यादाही त्याच कागदावर हव्यात: कायद्याचा भंग किंवा कुणाच्या जिवाला धोका दिसला तर काय करणार. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची, म्हणजे आयसीएफची, आचारसंहिताही गुप्ततेबाबत क्लायंट आणि पैसे देणारी संस्था या दोघांशी आधी स्पष्ट बोलून घ्यायला सांगते.

एक प्रश्न नवखे कोच हमखास विसरतात. क्लायंटने “मी दुसरीकडे नोकरी शोधतोय, त्याचीच तयारी करून द्या” म्हटलं तर? कंपनीच्या पैशातून ते करायचं की नाही, हे आधीच बोलून ठेवलं नसेल तर तुम्ही कुणाशी तरी अप्रामाणिक ठरणारच.

सुरुवातीची तिघांची बैठक टाळू नका. वरिष्ठांना जे म्हणायचं आहे ते त्यांनी क्लायंटच्या समोर म्हणायला हवं. अनेक वरिष्ठ कडू बोलणं टाळण्यासाठीच कोच नेमतात आणि आधी तुम्हाला बाजूला घेऊन “तसा हुशार आहे, पण लोकांना तोडून बोलतो” असं कानात सांगतात. तो निरोप पोचवण्याचं काम घेतलंत की कोचिंग तिथेच संपलं. “हे तुम्ही त्यांना सांगितलं आहे का?” एवढं विचारून थांबा.

कधीकधी कोचिंग हा निव्वळ सोपस्कार असतो. माणसाला काढायचं ठरलेलं असतं, फक्त ‘आम्ही मदत केली होती’ अशी नोंद हवी असते. ते ओळखायला एक प्रश्न पुरतो: “हे काम यशस्वी झालं तर वर्षभराने या व्यक्तीचं इथे काय स्थान असेल?” समोरचे एकमेकांकडे पाहू लागले तर काम नाकारा. पहिलंवहिलं काम सोडणं जड जातं, मान्य आहे. पण अशा कामातून मिळणारी बदनामी त्याहून जड जाते.

प्रश्नाच्या वेषातला सल्ला

“तुम्ही वित्त प्रमुखांशी थेट बोलून पाहिलंत का?” हा प्रश्न वाटतो. खरं तर हा सल्लाच आहे, शेवटी प्रश्नचिन्ह लावलेला. ओळखायची खूण सोपी आहे: क्लायंटचं एक ठरावीक उत्तर यावं असं मनात वाटत असेल आणि दुसरं आलं की हिरमोड होत असेल, तर तो प्रश्न नव्हता.

या धंद्याचं एक मूळ टेनिस कोर्टवर आहे. टिम गॉलवे या प्रशिक्षकाने १९७०च्या दशकात मांडलं की खेळाडूला सूचनांचा मारा करण्याऐवजी चेंडू नीट पाहायला लावलं तर फटका पुष्कळदा आपोआप सुधारतो. बोर्डरूममध्ये सूचना कमी करून निरीक्षण वाढवणं कोर्टपेक्षा कितीतरी अवघड, कारण तिथे कोचला स्वतःचे जुने विजय आठवत असतात.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. क्लायंटची लेखी परवानगी घेऊन एक सेशन रेकॉर्ड करा आणि त्यातली वीस मिनिटं शब्दन्‌शब्द उतरवा. प्रत्येक प्रश्नासमोर लिहा: हा कुणासाठी विचारला? क्लायंटला विचार करता यावा म्हणून, मला माहिती हवी म्हणून, की मी हुशार दिसावं म्हणून? कोण किती वेळ बोललं तेही मोजा. एकापाठोपाठ तीन प्रश्न जोडून विचारण्याची खोड इथेच पकडली जाते. क्लायंट त्यातल्या सर्वांत सोप्या प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळा होतो.

उलट टोकाची चूकही दिसते. प्रशिक्षणात ऐकलेलं ‘कोच सल्ला देत नाही’ हे वाक्य काही जण सोवळ्यासारखं पाळतात. क्लायंट पहिल्यांदाच संचालक मंडळापुढे उभा राहणार आहे, तिथल्या रीतीभाती तुम्हाला माहीत आहेत आणि तरी तुम्ही “तुम्हाला काय वाटतं?” असंच विचारत राहिलात, तर तो आडमुठेपणा झाला. माहिती द्या. फक्त आधी विचारा, ही माझी माहिती आहे असं सांगून द्या, आणि मग यातलं तुम्हाला काय लागू पडतं, असं म्हणून तिथून बाजूला व्हा.

याच घरातला आणखी एक प्रसंग. पहिल्याच भेटीत क्लायंट विचारतो, “तुम्ही स्वतः कधी नफ्यातोट्याची जबाबदारी सांभाळली आहे का?” नवखा कोच दहा मिनिटं आपला बायोडाटा ऐकवतो. दोन वाक्यांत खरं उत्तर द्या. नसेल सांभाळली तर ‘नाही’ म्हणा, आणि त्यांना कोचकडून नेमकं काय हवंय ते विचारा. त्या प्रश्नामागे बहुधा एकच शंका असते: याच्यासमोर मोकळं बोललो तर याला झेपेल का?

ढगळ ध्येय आणि फॉर्म भरल्यासारखं ग्रो

‘नेतृत्वगुण वाढवणे’, ‘एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स सुधारणे’ अशा ध्येयांवर सहा महिने निघून जातात आणि शेवटी काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. विचारा: कोणत्या बैठकीत? आज काय घडतं? त्याऐवजी काय घडायला हवं? ते आधी कुणाच्या लक्षात येईल? ‘सोमवारच्या आढाव्यात पहिली पंधरा मिनिटं मी बोलणार नाही, टीम बोलेल’ हे ध्येय दिसायला छोटं आहे, पण ते पाळलं की नाही हे खोलीतल्या कुणालाही सांगता येतं.

जॉन व्हिटमोर यांच्या १९९२च्या पुस्तकामुळे सर्वत्र पोचलेलं ग्रो मॉडेल (ध्येय, वास्तव, पर्याय, निर्धार) बहुतेक जण पहिल्यांदा शिकतात. त्यात दोष नाही. दोष ते चार रकाने क्रमाने भरण्यात आहे. पहिल्या पाच मिनिटांत सांगितलेलं ध्येय बहुधा खरं नसतं. वास्तवावर जरा रेंगाळलं की ते बदलतं. नवखे कोच वास्तव उरकून पर्यायांकडे धावतात, कारण पर्यायांची यादी झाली की काम झाल्यासारखं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या भेटीत ध्येय बदललं तर ते तिघांच्या करारातही बदलून घ्या, नाहीतर शेवटी तुम्ही एक मोजाल आणि वरिष्ठ दुसरंच.

थ्री-सिक्स्टीचा गठ्ठा अंगावर टाकणं

थ्री-सिक्स्टी म्हणजे वरिष्ठ, सहकारी, हाताखालचे अशा सगळ्या बाजूंनी गोळा केलेल्या फीडबॅकचा अहवाल. पण फीडबॅक दिला की माणूस सुधारतो हा समज फार भाबडा आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा सरासरीने फीडबॅकचा फायदा दिसला, पण एक-तृतीयांशाहून अधिक वेळा कामगिरी उलट घसरलेली आढळली. लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ यावर गेलं की फायदा आटतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

म्हणून अहवाल ईमेलने पाठवून मोकळं होऊ नका. भरपूर वेळ हाताशी असलेल्या भेटीत तो सोबत वाचा. जमेच्या बाजूंवर क्लायंट घाईने पान उलटतो. तिथे त्याला थांबवा. मग काम करायला एक गोष्ट निवडा, फार तर दोन. तुम्ही स्वतः सहकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या असतील तर त्यांची वाक्यं जशीच्या तशी लिहू नका. एखाद्याच्या बोलण्याची लकब ओळखू आली की क्लायंट सुधारणा विसरून ‘हे कोण म्हणालं’ याचा शोध घेऊ लागतो.

सेशन छान होतात, बदल मात्र दिसत नाही

ही तक्रार सर्वांत जास्त येते आणि तिची कारणं वेगवेगळी असतात. क्लायंट दर वेळी “किती हलकं वाटलं” म्हणतो, तुम्हालाही बरं वाटतं, आणि त्याची टीम जिथल्या तिथे. पहिली शक्यता ही की दोन सेशनच्या मध्ये काहीच घडत नाही. प्रत्येक भेट एका प्रयोगावर संपायला हवी: कोणती बैठक, कोणता दिवस, काय वेगळं करणार. पुढच्या भेटीची सुरुवात त्याच प्रयोगापासून करा. जमला नसेल तर रागावायचं कारण नाही. का जमला नाही, यातच पुढचं काम दडलेलं असतं.

दुसरी शक्यता, बदल झालाय पण आजूबाजूच्यांना दिसलेला नाही. जुनं मत लवकर पुसलं जात नाही. मार्शल गोल्डस्मिथ हे नावाजलेले कोच क्लायंटला सहकाऱ्यांकडे जाऊन आपण काय बदलतोय ते सांगायला आणि पुढे काय करावं याच्या सूचना मागायला लावतात. बदल झाला का, हेही ते सहकाऱ्यांनाच विचारतात, आणि तो दिसला तरच फी घेतात. फीचं सोडा, पण सहकाऱ्यांना विचारण्याची पद्धत उचलण्यासारखी आहे.

तिसरी शक्यता बोलायला अवघड आहे: तुम्ही क्लायंटला घाबरता. मोठं पद, मोठं नाव, पुढचं काम मिळण्याची आशा. मग दर वेळी उशिरा येणाऱ्या, फोनकडे बघत बोलणाऱ्या माणसाला तुम्ही तसं म्हणतच नाही. वास्तविक तो तुमच्याशी जे करतो तेच बहुधा टीमशी करत असतो. “गेल्या तीन भेटी शेवटच्या क्षणी पुढे ढकलल्या गेल्या. हे इतर कुठे घडतं का?” असं शांतपणे विचारणं कधीकधी अख्ख्या अहवालापेक्षा जास्त काम करतं. या भीतीसाठी सुपरव्हिजन लागतं: अनुभवी कोचपुढे आपलं काम मांडायची नेमाने होणारी बैठक. ते महाग वाटतं म्हणून नवखे टाळतात, आणि ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज असते तेही तेच.

कोचिंगच्या हद्दीबाहेरचं काम ओढून धरणं

मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन बर्ग्लास यांनी २००२ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये इशारा दिला होता की खोलवरचा मानसिक त्रास न ओळखता केलेलं कोचिंग नुकसान करू शकतं. आठवडेच्या आठवडे झोप नाही, दारू वाढलेली, सगळं व्यर्थ वाटतंय, असं दिसलं तर निदान करू नका. जे दिसलं ते सांगा, मानसोपचार तज्ज्ञांकडे जायला सुचवा. विश्वासातल्या दोन-तीन तज्ज्ञांची नावं आधीच जवळ असू द्या. आत्महत्येचा उल्लेख आला तर ध्येयं आणि सेशन बाजूला ठेवा आणि लगेच मदत मिळवून द्या. करारात गुप्ततेची मर्यादा लिहायची ती याचसाठी.

तास मोजत बसणं

आयसीएफची प्रमाणपत्रं तीन पायऱ्यांची आहेत: एसीसी, पीसीसी आणि सर्वांत वरची एमसीसी. एसीसीसाठी किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो, पीसीसीसाठी १२५ आणि ५००, एमसीसीसाठी अनुभवाचा आकडा थेट २५०० वर जातो. प्रमाणपत्र घ्या, कंपन्या विचारतात. पण वर्गमित्रांशी अदलाबदलीने कोचिंग करून जमवलेल्या तासांवर विसंबू नका. सोबत शिकणाऱ्यांइतका गुणी क्लायंट जगात दुसरा नाही: तो वेळेवर येतो, मनापासून विचार करतो आणि ठरलेल्या मिनिटाला ‘आहा’ म्हणतो. मधल्या फळीतला, कामाने पिचलेला, जरा संशयी मॅनेजर गाठा आणि त्याच्यासोबत चार महिने काम करा.

न संपणारं काम

सहा महिन्यांचं काम दोन वर्षं चाललं की कोचला तो आपला गौरव वाटतो. क्लायंट प्रत्येक निर्णयाआधी फोन करू लागला असेल तर तुम्ही त्याची कुबडी झालात. शेवट पहिल्याच दिवशी ठरवा आणि शेवटून तिसऱ्या भेटीत त्याचा विषय काढा. शेवटच्या भेटीआधी तिघांची बैठक पुन्हा घ्या, सुरुवातीचा कागद समोर ठेवा आणि काय बदललं ते क्लायंटला मांडू द्या. तुम्ही तिथे कमीत कमी बोला. मुदत वाढवायची असेल तर नवं ध्येय आणि नवा करार हवा, आणि तो प्रस्ताव शक्यतो त्यांच्या बाजूने येऊ द्या.