उघड्या पडवीतला साधा टीव्ही कसा जपावा

साधा टीव्ही खोलीतल्या हवेसाठी बनवलेला असतो. त्याच्या माहितीपुस्तिकेत बहुधा ० ते ४० अंश सेल्सिअस तापमान आणि सुमारे ८० टक्क्यांपर्यंतची आर्द्रता, तीही बाष्पाचे थेंब न धरणारी, एवढीच मर्यादा दिलेली आढळते. पडवी, व्हरांडा किंवा गच्चीवरची शेड या जागा ही मर्यादा वर्षातून अनेकदा ओलांडतात, आणि बाहेर वापरलेल्या संचाची वॉरंटी अनेक उत्पादक मान्य करत नाहीत. तरीही नीट काळजी घेतली तर असा टीव्ही बाहेर चांगला चालू शकतो. मात्र एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. पाण्याच्या भीतीने टीव्ही चहूबाजूंनी हवाबंद केला, तर आत कोंडलेली उष्णता आणि ओलावा त्याला पावसाइतकेच, किंबहुना अधिक खात्रीने, निकामी करतात. पाणी बाहेर राहावे आणि हवा मात्र खेळती असावी, ही दोन्ही उद्दिष्टे एकत्र साधायची आहेत.

सर्वांत मोठे संरक्षण जागेच्या निवडीतच मिळते, म्हणून पेटी किंवा कव्हर विकत घेण्यापूर्वी हातात मोजपट्टी घ्यावी. पाऊस सरळ पडत नाही. तो ४५ अंशांच्या कोनात येतो असे धरले, तर छपराची कड जमिनीपासून ३ मीटर उंच आणि टीव्हीची खालची बाजू १.२ मीटर उंच असताना, कडेपासून आत १.८ मीटरपर्यंतच्या भिंतीवरच्या टीव्हीला पाणी लागू शकते. म्हणजे भिंत त्याहून आत असायला हवी, आणि जिथे वादळी वारा वाहतो तिथे आणखी आत. हिशेब जमत नसेल, तर छपराला पुढे एक छज्जा काढणे किंवा त्या बाजूला गुंडाळता येणारा जाड पडदा बसवणे हे कोणत्याही पेटीपेक्षा उपयोगी ठरते, कारण त्यामुळे टीव्हीसोबत त्याच्या तारा, ब्रॅकेट आणि सॉकेटही कोरडे राहतात.

ऊन हा दुसरा विचार, आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षिलेला. एलसीडी पडद्यातले द्रवस्फटिक ठरावीक तापमानापलीकडे तापले की आपला क्रम सोडतात आणि चित्रावर काळे डाग उमटतात. पडदा थंड झाल्यावर ते बहुतेक वेळा जातात, पण हे वारंवार घडले तर पडद्यावरचे थर कायमचे बिघडतात. काळा पडदा थेट उन्हात हवेच्या तापमानापेक्षा कितीतरी अधिक तापतो, म्हणून सावलीतला तापमापक पाहून निश्चिंत राहू नये. ओएलईडी पडदा उष्णता आणि अतिनील किरणांना अधिकच हळवा असल्यामुळे तो बाहेर लावूच नये. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड केलेला पडदा उन्हापासून सर्वांत सुरक्षित असतो. दक्षिण गोलार्धात याच्या उलट. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी त्या भिंतीवर ऊन कुठवर येते, हे दोन-तीन दिवस पाहून मगच भोके पाडावीत. सावलीचा आणखी एक लाभ असा, की घरगुती टीव्हीची प्रखरता साधारण २५० ते ४०० निट्स असते आणि उजेडात चित्र फिके दिसते म्हणून आपण ती शेवटपर्यंत वाढवतो. सावली असेल तर हा अतिरिक्त ताप टळतो.

आता पेटीविषयी. सुमारे ५५ इंचांचा टीव्ही चालू असताना साधारण १०० ते १५० वॅट वीज घेतो आणि तिचा जवळजवळ सगळा भाग शेवटी उष्णताच होतो. बंद कपाटात शंभर वॅटचा जुना दिवा तासन्‌तास जळत ठेवण्यासारखेच हे आहे. म्हणून टीव्हीच्या चारही बाजूंना सुमारे १० सेंटिमीटर मोकळी जागा राहील एवढी मोठी पेटी असावी. पेटीचा माथा मागून पुढे उतरता आणि पुढे थोडा बाहेर आलेला असावा. हवा आत येण्यासाठी तळाशी आणि गरम हवा बाहेर जाण्यासाठी माथ्याच्या कडेखाली झरोके ठेवावेत, म्हणजे तिथे पाणी शिरत नाही. तापमान वाढले की आपोआप सुरू होणारा लहान पंखा बसवता आला तर उत्तम. प्रत्येक झरोक्यावर बारीक जाळी हवीच, कारण उबदार पेटी पाली, मुंग्या आणि कुंभारमाश्यांना फार आवडते. सर्किटवर दोन टोकांना टेकलेली पाल स्वतः मरते आणि टीव्हीही निकामी करते.

पुढे झाकण लावायचे असेल तर पॉलिकार्बोनेटचा (मजबूत, पारदर्शक प्लास्टिकचा), अतिनील किरणांना प्रतिबंध करणारा थर असलेला पत्रा घ्यावा. हा थर नसलेला पत्रा उन्हाने पिवळा पडतो. शक्य असल्यास टीव्ही चालू असताना झाकण उघडे राहील अशी बिजागरीची रचना करावी. सांधे बुजवताना व्हिनेगरसारखा उग्र वास येणारे सिलिकॉन टाळावे. ते सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि बंदिस्त जागेत तांब्याच्या जोडांवर गंज चढवते. न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन मागून घ्यावे. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी स्क्रू आणि ब्रॅकेटसाठी ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील वापरावे.

कापडी कव्हर वापरत असाल, तर खालची बाजू उघडी ठेवा. टीव्ही बंद केल्याबरोबर कव्हर चढवू नये; तो पूर्ण गार होऊ द्यावा. कव्हर घातलेला टीव्ही क्षणभरही सुरू करू नये.

दव हा गुपचूप येणारा शत्रू आहे. पहाटे भांडे गार पडून त्यावर थेंब जमतात, तसेच टीव्हीच्या आतल्या धातूवरही जमतात. यावर सोपा उपाय म्हणजे टीव्ही नियमित वापरात ठेवणे, कारण रोज अर्धा-पाऊण तास चालल्यानेही आतला ओलावा उबेने निघून जातो. महिनोन्‌महिने बंद ठेवलेला टीव्ही अधिक लवकर बिघडतो. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या झरोके असलेल्या पेटीत ठेवून फारसा उपयोग नाही; बाहेरच्या दमट हवेने त्या थोड्याच दिवसांत भरून जातात. वापर नसलेल्या काळासाठी संच घरात काढून खोक्यात ठेवताना मात्र त्या जरूर घालाव्यात. थंडीतून उबदार खोलीत आणलेला टीव्ही काही तास तसाच राहू द्यावा आणि मगच प्लग लावावा.

विजेच्या बाबतीत कोणतीही तडजोड करू नये, कारण इथे प्रश्न टीव्हीचा नसून माणसांच्या जिवाचा आहे. घरातून ओढलेला एक्स्टेंशन बोर्ड ओल्या फरशीवर ठेवणे सर्वस्वी चुकीचे आहे. झाकण असलेले, पाण्यापासून सुरक्षित असे कायमचे सॉकेट जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्यावे. त्या जोडणीवर ३० मिलीअँपिअर गळतीला तुटणारे आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असावे, आणि धातूची पेटी असेल तर तिलाही अर्थिंग द्यावे. प्रत्येक तार सॉकेटच्या खाली थोडी लोंबती सोडून मग वर वळवावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी त्या खालच्या वळणावरूनच टपकते. विजांचा कडकडाट सुरू होण्याची चिन्हे दिसताच प्लग काढावा आणि त्यासोबत ॲन्टेना, डिश किंवा नेटवर्कची तारही सोडवावी. सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या दाबातील अचानक वाढ अडवणारे उपकरण) जवळ पडलेल्या विजेला थोपवू शकत नाही, आणि नुसता प्लग काढून दुसरी तार जोडलेली ठेवली तर निम्मेच काम होते.

पडदा पुसताना कोरडे किंवा किंचित ओलसर मायक्रोफायबर कापड पुरते. अमोनिया असलेला काच-सफाईचा द्रव पडद्यावरचा थर खराब करतो. कोणताही फवारा थेट पडद्यावर मुळीच मारू नये, कारण थेंब खालच्या कडेतून थेट सर्किटपर्यंत पोहोचतात. झरोक्यांच्या जाळ्या महिन्यातून एकदा ब्रशने झाडाव्यात.

एवढे करूनही टीव्ही भिजला, तर आधी मुख्य स्विच बंद करावा, मगच प्लगला हात लावावा. बिघडला आहे का हे पाहण्यासाठी तो सुरू करून बघण्याचा मोह कटाक्षाने आवरावा. भिजलेल्या टीव्हीचे खरे नुकसान बहुधा याच क्षणी होते. संच उभाच ठेवून हवेशीर, सावलीच्या खोलीत दोन-तीन दिवस वाळू द्यावा, त्यावर हेअर ड्रायरचा गरम झोत सोडू नये, आणि मागचे झाकण स्वतः उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार टिकून असू शकतो. पाणी खारे असेल किंवा आत बरेच शिरले असेल, तर वाळण्याची वाट न पाहता दुरुस्ती करणाऱ्याला बोलवावे, कारण मीठ तासांच्या हिशेबाने सर्किट खाऊ लागते.