जिम्नॅस्टिक्सचा क्लास निवडताना: आधी तासभर नुसतं बसून बघा

पोरगी सोफ्याच्या हातावरून उड्या मारते, दाराच्या चौकटीला लोंबकळते आणि कोणीतरी म्हणतंच, "अगं, हिला जिम्नॅस्टिक्सला घाल." घालायचं ठीक, पण कुठे? आमची लेक सहा वर्षांची असताना मी चार ठिकाणं पालथी घातली. त्यात जे उमगलं ते इथे क्रमाने सांगते.

१. बोर्डावर न जाता आत काय शिकवतात ते विचारा

बोर्डावर नुसतं 'जिम्नॅस्टिक्स' असतं, आत मात्र प्रकार वेगवेगळे. आर्टिस्टिक म्हणजे ठरलेल्या साधनांवर कसरती करायच्या. त्यात मुलींना चार साधनं: व्हॉल्ट (धावत येऊन हात टेकून मारायची उडी), अनइव्हन बार (कमी-जास्त उंचीचे दोन आडवे दांडे), बीम (तोल सांभाळायची अरुंद पट्टी) आणि फ्लोअर (मोकळी गादी). मुलग्यांना सहा: फ्लोअर, पॉमेल हॉर्स (दोन मुठी असलेला ठोकळा), रिंग्ज (लोंबत्या कड्या), व्हॉल्ट, पॅरलल बार (दोन समांतर दांडे), हाय बार (एकच उंच दांडा). रिदमिक हा मुलींचा प्रकार, त्यात हूप (रिंगण), बॉल, क्लब्ज (छोट्या मुद्गलासारख्या दांड्या), रिबन घेऊन संगीतावर रचना करायची. एरोबिक म्हणजे संगीतावर वेगाने करायच्या कसरती, त्याला साधन लागत नाही. हॉलमध्ये ना बीम ना बार, आणि तरी 'आर्टिस्टिकची तयारी' करून घेतो म्हणाले, तर 'कशावर?' असं विचारायला लाजू नका. पाच-सहा वर्षांच्या मुलाला सुरुवातीला गादी आणि मोकळी जागा पुरते हे खरं, पण मग फीदेखील तेवढीच असावी.

आपल्याकडे अजून एक वाट आहे. दादरला शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरासारख्या जुन्या संस्थेत मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स दोन्ही शिकवतात. पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ सालचं. तुमच्या गावातही अशी एखादी व्यायामशाळा असेल. तिथे एसी नसतो, रिसेप्शन नसतं, फीची पावती हाताने लिहून मिळते. एवढ्यावरून ती यादीतून खोडू नका.

२. अंतर मोजा, तेही पावसाळ्यातलं

आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी साडेपाचला, जुलैत रिक्षा मिळत नसताना जमेल का? नसेल तर ते कितीही नावाजलेलं असो, दिवाळीपर्यंत सुटतं.

३. एक अख्खी बॅच बसून बघा

सगळ्यात महत्त्वाचं हेच. डेमो क्लास नको, त्यात सगळे शहाण्यासारखे वागतात. साधी, रोजची बॅच बघू द्या म्हणायचं. "पालकांना आत परवानगी नाही" असं उत्तर आलं आणि बाहेरून दिसेल अशी काच किंवा जाळीही नसली, तर चप्पल घालायची आणि निघायचं.

बसल्यावर उड्या मारणाऱ्या मुलांकडे नका बघू, रांगेत थांबलेल्यांकडे बघा. एका चकचकीत ठिकाणी मी घड्याळ लावून पाहिलं: तासाभरात एका मुलाच्या वाट्याला सात कोलांट्या आल्या. उरलेला वेळ पोरं भिंतीला टेकून एकमेकांचे मोजे ओढत होती. लहानांच्या बॅचला एका शिक्षकामागे आठ-दहा मुलं असावीत असं माझं मत. त्याहून जास्त असतील तर निदान रांगेतल्यांना बेडूकउड्या, लटकणं, तोल सांभाळणं असं काहीतरी दिलेलं असावं.

मग शिक्षकाचा हात बघा. साधी कोलांटी घ्या. चांगल्या मॅडम मुलाची हनुवटी छातीला लागली आहे ना हे आधी बघतात, म्हणजे भार टाळूवर किंवा मानेवर न येता पाठ गोल होऊन टेकते. आमच्या हिच्या मॅडम हनुवटीखाली रुमाल धरायला लावायच्या. रुमाल पडला की पुन्हा. सहा वर्षांच्या पोरीला तो खेळ वाटला आणि मानेचा प्रश्न न बोलता मिटला.

पडायला शिकवतात का, हेही बघा. मागे पडताना मुलं हात ताठ करून जमिनीला टेकवतात आणि कोपर-मनगट दुखावतात. हात आत घेऊन गोल लोळायचं आणि उडीनंतर गुडघे वाकवून उतरायचं, हे पहिल्या महिन्यातच झालं पाहिजे. पहिल्याच आठवड्यात फ्लिप (हवेतली कोलांटी) शिकवून त्याचा व्हिडिओ पालकांना पाठवणारा क्लास मला नको वाटतो.

आणि स्ट्रेचिंगची वेळ चुकवू नका. एका ठिकाणी स्प्लिटला, म्हणजे पाय पूर्ण फाकवून, बसलेल्या मुलीच्या खांद्यांवर सर जोर देत होते, ती रडत होती आणि बाकीच्या पोरी शिकवल्यासारख्या दुसरीकडे बघत होत्या. त्या बघण्यानेच मी उठले. ताण हळूहळू, मुलाने 'बस' म्हणेपर्यंत. रडवून आलेली लवचिकता कुणालाच नको आहे.

४. अनवाणी चालून बघा

बॅच संपली की परवानगी घेऊन गाद्यांवरून चाला. दोन गाद्यांच्या फटीत पाय अडकतो का? जोर दिला की गादी सरकते का? बीमची रुंदी फक्त १० सेंटिमीटर असते आणि स्पर्धेत तो सव्वा मीटर उंच असतो. लहानांसाठी जमिनीलगतचा बीम वेगळा हवा, आणि उंच बीमखाली दोन्ही बाजूंना जाड गाद्या. ट्रॅम्पोलिन असेल तर त्यावर एका वेळी एकच मूल.

५. लहानांची बॅच कोण घेतं?

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा केलेल्या सरांची फ्रेम भिंतीवर असते आणि बॅच मात्र अकरावीतली ताई घेते. ताई छान असेलही, पण तेव्हा सर हॉलमध्ये असतात का ते विचारा. प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, हेही त्या ताईलाच विचारा. तिला शोधावी लागली तर समजून घ्या. मनगट किंवा कंबर सतत दुखली तर काय करता, असा प्रश्न टाका. "पट्टी बांधून करायचं" हे उत्तर चुकीचं. वाढत्या वयात हाडांच्या टोकाचा भाग नाजूक असतो, तिथे विश्रांती आणि डॉक्टरच.

"हिची शरीरयष्टी नाही" असं पहिल्या दिवशी सांगणारेही भेटतील. भारताची जिम्नॅस्ट दीपा कर्माकर आठवा. तिचे तळपाय सपाट होते, जिम्नॅस्टला ते अडचणीचं. तरीही २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टला तिचं कांस्य ०.१५ गुणांनी हुकलं, ती चौथी आली.

६. अवघड प्रश्न मोकळेपणाने

या खेळात आधार देताना अंगाला हात लागतोच. म्हणून कुठे आणि का लागतो हे मुलाला आधी सांगतात का, एकट्या मुलासोबत बंद दाराआड शिकवणी होते का, मुलींच्या बॅचला बाई शिक्षक असतात का, हे थेट विचारा. रील्ससाठी मुलांचं शूटिंग परवानगीशिवाय करतात का, हेही. चांगल्या शिक्षकांना या प्रश्नांचा राग येत नाही. घरी मुलाला एकच सांगून ठेवा: क्लासमधली कुठलीही गोष्ट आईबाबांपासून लपवायची नसते.

७. पैसे शेवटी

वर्षाची फी एकदम भरली की सवलत, असं गळ्यात मारतील. आधी एकच महिना भरा. प्रवेश फी परत मिळते का, स्पर्धेचा खर्च वेगळा का, हे लिहून घ्या. लिओटार्डही (जिम्नॅस्टचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख) लगेच नको, अंगासरशी टीशर्ट आणि शॉर्ट्स चालते. सैल फ्रॉक नाही, केस वर बांधलेले, नखं कापलेली. बांगड्या, कानातलं, पैंजण, गळ्यातला काळा दोरा सगळं घरी. करदोट्यावरून मात्र आमच्याकडे आजीशी तीन दिवस वाटाघाटी चालल्या. शेवटी मंगळवार, गुरुवार, शनिवार सोडायचा आणि घरी आल्यावर आजीनेच पुन्हा बांधायचा, असं ठरलं.