काळ्या मातीचं पॅनेल: आधी चुना, मग रेती, शेवटी भुसा

इंदूरमध्ये पाया खणताना निघालेली काळी माती फेकून देतात आणि तिथे मुरूम भरतात. पायासाठी ते योग्यच. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. पण तिच्यातला चिकटपणा फार मोलाचा आहे, आणि आतल्या भिंतीच्या पॅनेलसाठी तो वापरता येतो.

३०० × ३०० × २० मिमीची चार पॅनेलं आणि एक चाचणीपट्टी यांसाठी: वाळवून कुटलेली, चाळलेली काळी माती ४ किलो, खरखरीत धुतलेली रेती ८ किलो, विझवलेल्या चुन्याची पूड २०० ग्रॅम, गव्हाचा भुसा २४० ग्रॅम.

माती ओलसर करून त्यात फक्त चुना कालवा आणि प्लास्टिकखाली दोन दिवस झाकून ठेवा. ही पायरी गाळू नका. चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटतं, ते गोळा होतात आणि माती लोण्यासारखी न राहता रवाळ, मोकळी होते. नाही झाली तर चुना जुना आहे: उघड्या पोत्यातला चुना हवेनेच मरतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा.

मग रेती मिसळा. भुसा तासभर भिजवून, निथळून घाला. कोरडा घातला तर तो मिश्रणातलं पाणी ओढतो आणि त्याच्याभोवती बारीक चिरा पडतात. पाणी थोडं थोडं घाला, साधारण तीन लिटर. मुठीत दाबलेला गोळा हाताला चिकटू नये.

साच्यात निम्मा थर ठोकून बसवा, त्यावर बारदानाचा तुकडा, वर उरलेला थर. सोबत ६०० × ४० × ४० मिमीची पट्टी ओता. वाळल्यावर ती १२ मिमीपेक्षा जास्त आखडली, म्हणजे २ टक्क्यांच्या वर, तर पुढच्या घाण्यात रेती वाढवा. प्रत्येक खड्ड्यातली माती वेगळी असते, त्यामुळे वरचं प्रमाण ही फक्त सुरुवात आहे.

सात दिवस ओल्या पोत्याखाली ठेवा. चुना ओलीतच पकडतो. लगेच वाळलेलं पॅनेल नखाने खरवडलं जातं. नंतर सावलीत, पट्ट्यांच्या फळीवर, रोज उलटत दोन आठवडे. कोपरे वर वळले तर वरची बाजू खालच्यापेक्षा लवकर वाळली असं समजा. पावसाळ्यात भुशावर काळी बुरशी येते, म्हणून हे काम होळीनंतर काढावं. तेव्हा नवा भुसाही मिळतो.

जवसाचं तेल लावायचं असेल तर महिनाभर थांबा. ताज्या चुन्यावर तेलाचा साबण होतो आणि डाग पडतात.