लळिंग घाटात पेटणारा पिवळा दिवा: जुन्या पिकअपचा चेक इंजिन लाईट कसा शोधायचा

माझी पिकअप २०१७ ची, बीएस-४ (प्रदूषणाच्या आधीच्या नियमातली), डिझेल. धुळ्याहून मालेगावला कांदा, नंदुरबारहून मिरची, मध्ये मिळेल ते भाडं. दोन वर्षांपूर्वी तिचा इंजिनचा पिवळा दिवा पेटला आणि सात महिने पिच्छा सोडेना. रिकामी गाडी दिवसभर फिरवा, दिवा बंद. तीस गोण्या भरून लळिंगचा घाट चढायला लागलो की अर्ध्यात दिवा लागायचा आणि गाडी ओढायची थांबायची. माझे काका म्हणायचे, "गाडी चालस ना? मंग ऱ्हाऊ दे." मिस्तरीने एक सेन्सर बदलला, मग ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा), शेवटी टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) गेला म्हणाला. तोवर साडेअकरा हजार गेले होते. बिघाड निघाला एका रबरी पाईपात. तेव्हापासून गावातल्या पाच-सहा गाड्या मी स्वतः तपासल्या. त्या अनुभवातून सांगतो.

आधी दिवा नीट ओळखा. चावी ऑन केली की तो पेटला पाहिजे आणि इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. जुनी गाडी विकत घेताना चावी ऑन करूनही तो पेटलाच नाही, तर दिवा मुद्दाम काढून ठेवलेला असू शकतो. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा ही वेगळी गोष्ट आहे. तो लागला तर जिथे असाल तिथे गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

मग मीटर घेऊन बॅटरी बघा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ हवेत. टर्मिनलवर पांढरी भुकटी साचली असेल तर गरम पाण्याने धुवा. बॅटरीकडून इंजिनला आणि चासीला जाणारी अर्थची पट्टी सोडवा, बोल्टखालचा गंज कानशीने घासा, परत घट्ट आवळा. आपल्याकडे शेतरस्त्याची माती पावसाळ्यात तिथे चिकटते आणि उन्हाळ्यात दगडासारखी सुकते. अर्थ कमजोर असेल तर चांगले सेन्सरही खोटं बोलतात. एकदम तीन-चार सेन्सरचे कोड (गाडीच्या कंप्युटरने नोंदलेले बिघाडाचे नंबर) आले, तर ते सगळे एकाच वेळी मेले असं समजू नका. त्यांची सामाईक अर्थ किंवा पाच व्होल्टची लाईन तपासा.

आता स्कॅनर. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. मोबाईलला जोडायचा ब्लूटूथ स्कॅनर हजाराच्या आत मिळतो. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून जोडा. काहीच दिसत नसेल तर आधी फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत या सॉकेटचा आणि सिगारेट लायटरचा फ्यूज एकच असतो.

कोड दिसला की लगेच क्लिअर करू नका. बॅटरीची वायर काढून दिवा घालवायची तर अजिबात घाई करू नका, कारण त्याने पुरावाच पुसला जातो. कोड वहीत लिहा आणि त्यासोबतचा फ्रीझ फ्रेमही उतरवून घ्या. बिघाड नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, इंजिन किती तापलं होतं, ते तिथे असतं. माझा कोड पी०२९९ होता, म्हणजे टर्बोचा दाब कमी. फ्रीझ फ्रेममध्ये लोड जवळजवळ पूर्ण आणि आरपीएम २,४०० होते. दाब वाढला की हवा कुठून तरी निसटते, हे तिथेच लिहिलेलं होतं. कोणी वाचलं नव्हतं.

कोड कंप्युटरला काय दिसलं तेवढंच सांगतो, कोणता पार्ट घ्यायचा ते सांगत नाही. पी०४०१, म्हणजे ईजीआरमधून धूर कमी जातोय, आला की ईजीआर विकत घेऊ नका, आधी उघडून काजळी साफ करा. पी०१०१, म्हणजे हवा मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा जुळत नाही, आला तर एअर फिल्टर आणि त्याच्या मागचा पाईप बघा. पी००८७, म्हणजे इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या रेलचा दाब कमी, आला तर पंपाआधी डिझेल फिल्टर बदला आणि त्यातलं पाणी काढा. पण इंजिन चालू असताना हाय प्रेशरचा पाईप कधीच ढिला करू नका. त्यात हजार बारहून जास्त दाब असतो, डिझेलची बारीक धार कातडीत घुसते आणि हात गमवावा लागू शकतो.

लाईव्ह डेटा, म्हणजे स्कॅनरवर त्या क्षणी दिसणारे सेन्सरचे आकडे, सकाळी थंड इंजिनवर बघा. पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. मे महिन्यात आमच्या भाच्याच्या गाडीत पाण्याचं तापमान उणे ४० दाखवत होतं. सेन्सर ठीक होता, कपलरजवळ (वायर जोडायच्या प्लगजवळ) वायर उंदराने कुरतडली होती. शेतात गाडी उभी राहते तिथे हे हमखास होतं. म्हणून इंजिन चालू ठेवून एकेक कपलर हलक्या हाताने हलवा आणि आकडा उडतो का ते मोबाईलवर बघा. पंख्यापासून आणि बेल्टपासून हात, उपरणं लांब ठेवा.

माझ्या पाईपाबद्दल नीट सांगतो, कारण असे बिघाड वरून दिसत नाहीत. टर्बोकडून इंटरकूलरला (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीला) जाणारा रबरी होज वरून नवा वाटत होता. खाली वाकून टॉर्च मारली तर क्लॅम्पच्या पलीकडे बोटभर जागेत तेलकट काळी धूळ चिकटलेली. बाकी सगळा पाईप कोरडा. फडक्याने ती पुसली तरी काही दिसेना. मग दोन्ही हातांनी होज पिळला आणि चीर उघडली, दीड इंच लांब, कडा ब्लेडने कापल्यासारख्या. इंजिन बंद असताना ती मिटून जायची. भरल्या गाडीचा दाब आला की फुगून उघडायची. त्या हवेबरोबर तेलाची वाफ बाहेर पडून धूळ चिकटत होती. तुमच्या गाडीतही होज डोळ्यांनी बघून सोडू नका. थंड इंजिनवर हाताने पिळा, आणि तेलकट धुळीचा डाग दिसेल तिथे थांबा.

दुरुस्तीनंतर कोड क्लिअर करून पहिल्यासारखीच परीक्षा घ्या. घाटात लागणारा दिवा गावात फिरून तपासता येत नाही. मी तीस गोण्या भरल्या, भाच्याला शेजारी बसवलं, मोबाईल त्याच्या हातात दिला. चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, हवेचा दाब ९८ किलोपास्कल होता. धुळ्याच्या उंचीला तो बरोबर आहे, म्हणजे सेन्सर खरं बोलत होता. घाट लागला, तिसरा गिअर, पाय पूर्ण दाबला. भाचा आकडे मोठ्याने वाचत गेला आणि ते चढतच राहिले. माथ्यावर पोहोचेपर्यंत दिवा लागला नाही. नंतरचे तीन आठवडे दर फेरीला कोड बघत राहिलो, पेंडिंगमध्येही (दिवा लागण्याआधीच्या कच्च्या नोंदीत) काही नव्हतं. आता तो फाटका होज गाडीच्या टूलबॉक्समध्ये ठेवलेला आहे, कोणी विचारलं की पिळून दाखवतो.